वरील मजकूर मला वाचून दाखवला

कोर्टाच्या आवारात टायपिंगला बसायला लागून मला आता एकोणीस वर्षं झाली. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आणि प्रिंटर आला, टेबल मात्र तेच. प्रतिज्ञापत्र, संमतीपत्र, भाडेकरार, वारसाचे अर्ज, येईल ते टाइप करायचं. आणि जवळपास प्रत्येक कागदाच्या शेवटी एक ओळ असते, जी मी झोपेतसुद्धा टाइप करू शकतो, "वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे." खाली सही, नाहीतर निशाणी डाव्या हाताचा अंगठा. दिवसाला वीस-पंचवीस वेळा तरी ही ओळ जाते माझ्या हातातून, त्यामुळं मी तिचा शॉर्टकटच करून ठेवलाय, दोन बटणं दाबली की अख्खी ओळ पडते.

गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीचा आयर्लंडवरून फोटो आला. ती तिथं गॉलवे म्हणून शहर आहे, तिथं शिकायला आहे. फोटोत काय, तर एक मोठं चर्च आणि त्याच्या बाजूला गाड्यांचं पार्किंग. खाली तिनं लिहिलं होतं, मामा, इथं आधी जेल होतं, आणि एका माणसाला इथं फाशी दिली होती ज्याला कोर्टात काय चाललंय ते कळलंच नव्हतं, तुमच्या कामातली गोष्ट आहे म्हणून पाठवतेय. त्या रात्री मी बसून वाचलं, मग दुसऱ्या रात्री परत वाचलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना म्हणून इथं लिहितोय. लांबलचक झालंय, पण थोडक्यात सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

माम्त्रासना म्हणून डोंगरातली वस्ती, गॉलवे आणि मेयो या दोन काउंटींच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, सीमेवर. १७ ऑगस्ट १८८२ च्या रात्री तिथं जॉन जॉइस नावाच्या शेतकऱ्याच्या घरात माणसं घुसली आणि त्यांनी जॉन, त्याची बायको, म्हातारी आई, मुलगी आणि मोठा मुलगा असे पाच जण मारले. पॅट्सी नावाचा धाकटा पोरगा जखमी झाला पण जगला. का मारलं याच्या बऱ्याच गोष्टी सांगतात, मेंढ्या चोरल्याचा संशय, भावकीतली खुन्नस, गुप्त मंडळ्या. काळच तसा होता, आयर्लंडवर इंग्रजांचं राज्य, १८७९ पासून जमीनदारांविरुद्ध कुळांची चळवळ पेटलेली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये लॉर्ड कॅव्हेंडिश आणि थॉमस बर्क या दोन बड्या अधिकाऱ्यांचा खून झालेला. म्हणजे सरकारला काहीतरी करून दाखवायचंच होतं. जुलैमध्ये नवा कडक कायदा आला, त्यानं खटला गुन्ह्याच्या जागेपासून लांब नेता येत होता आणि खास निवडलेली ज्युरी बसवता येत होती.

आता आडनावांचा घोळ बघा. मेलेला जॉइस, साक्षीदार जॉइस, आरोपी जॉइस. आमच्या अक्कलकोट तालुक्यातल्या एखाद्या गावात कसं निम्मं गाव पाटील आणि निम्मं बिराजदार असतं, तसं त्या भागात जॉइस आणि केसी. तीन माणसं पुढं आली, दोन भाऊ आणि एक पुतण्या, म्हणाली की रात्री आम्ही दहा जणांना जाताना बघितलं, त्यांच्या मागं मागं गेलो, सगळ्यांना ओळखलं. दहा जणांना धरलं. त्यात एक मायल्स जॉइस, चाळिशीच्या आसपासचा, बायको-पोरं असलेला साधा शेतकरी. मायल्स हे सरकारी कागदावरचं नाव, त्याच्या स्वतःच्या भाषेत तो म्वेलरा शोई. त्याला इंग्रजी येत नव्हतं. आयरिश, एवढी एकच भाषा.

दहापैकी दोघे माफीचे साक्षीदार झाले. उरलेल्या आठांवर नोव्हेंबरात डब्लिनला, ग्रीन स्ट्रीटच्या कोर्टात खटला चालला. मायल्स ज्या डोंगरातून आला तिथं सगळं गाव आयरिश बोलायचं, आणि ज्या कोर्टात उभा राहिला तिथं न्यायाधीश, वकील, ज्युरी सगळे इंग्रजी. दुभाषा होता का? होता. पण तो कोण, तर पोलीस कॉन्स्टेबल. म्हणजे ज्या खात्यानं पकडून आणलं त्याच खात्याचा माणूस तुमचं तोंड आणि तुमचे कान. आणि त्याचं काम तरी कुठल्या दिशेनं चाललं? साक्षीदार आयरिशमध्ये बोलला की कोर्टाला कळावं म्हणून त्याचं इंग्रजी व्हायचं. कोर्टात इंग्रजीत जे बोललं जात होतं, ते मायल्सला कळावं म्हणून आयरिशमध्ये कुणी सांगत नव्हतं.

हे वाक्य मी तीन-चारदा वाचलं. कारण मी रोज बघतो ना, आवारात माणसं कशी उभी असतात. आत पुकारा होतो, माणूस जातो, पाच मिनिटांत बाहेर येतो आणि वकीलसाहेबांना विचारतो, काय झालं? स्वतःच्याच केसमध्ये तो स्वतः हजर असतो आणि बाहेर येऊन दुसऱ्याला विचारतो काय झालं. आणि हे मराठी माणसाचं, मराठीत चाललेल्या कोर्टात. तर ज्याला एक शब्द कळत नाही त्याचं काय होत असेल. पेपरवाल्यांनी लिहून ठेवलंय की मायल्स डोकं खाली घालून बसून होता. बघणाऱ्याला वाटणार बेफिकीर आहे, नाहीतर मनात पाप आहे. आपल्याकडं पण असंच म्हणतात की, बघा कसा गप्प उभाय, चेहऱ्यावर काही नाही.

ज्युरीला त्याला दोषी ठरवायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्याआधी पॅट्रिक जॉइस आणि पॅट्रिक केसी या दोघांनाही फाशीची शिक्षा सुनावलेली. उरलेल्या पाच जणांनी मग जीव वाचवायला गुन्हा कबूल केला, त्यांची फाशी जन्मठेपेवर आली. त्या पाचांत मायल्सचे दोन भाऊ होते.

निकाल लागल्यावर, सगळं संपल्यावर, पहिल्यांदा दुभाष्यातर्फे मायल्सचं म्हणणं विचारलं. तो म्हणाला की देव आणि मेरीमाता वर आहेत, जो जन्मालाच आला नाही त्याचा जेवढा यात हात, तेवढाच माझा. त्या काळी आरोपीला स्वतःच्या बाजूनं शपथेवर साक्ष देता येत नव्हती, म्हणजे त्याचा आवाज कोर्टानं ऐकला तो फाशीची शिक्षा द्यायच्या वेळेला.

इथं थोडं मागं जाऊन सांगतो, नाहीतर वाटेल की हा एका माणसाचा नशिबाचा खेळ. १७३७ साली आयर्लंडात कायदा झाला होता की कोर्टाचं कामकाज आणि कागदपत्रं इंग्रजीतच व्हायला पाहिजेत, दुसऱ्या भाषेत केलं तर २० पौंड दंड. हा कायदा उत्तर आयर्लंडमध्ये रद्द करायचा कायदा झाला कधी, तर २०२२ साली. १८३१ पासून सरकारी शाळा आल्या, त्या इंग्रजी माध्यमाच्या. पोराच्या गळ्यात काठी अडकवायची, आयरिश शब्द तोंडातून निघाला की त्या काठीवर एक खाच पाडायची, आणि संध्याकाळी खाचा मोजून तेवढे फटके. यात आईबाप पण सामील असायचे, कारण त्यांना कळून चुकलेलं की पोरगं आयरिशमध्येच राहिलं तर उपाशी मरेल. मग १८४५ पासून बटाट्याचा दुष्काळ, सात वर्षांत साधारण १० लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि मेलेले-गेलेले सगळ्यात जास्त त्याच पश्चिमेकडच्या गरीब भागातले, जिथं ही भाषा बोलत होते. १८५१ च्या जनगणनेत पहिल्यांदा भाषा विचारली, तीसुद्धा फॉर्मच्या तळाला टीप म्हणून. तरी १५ लाखांवर लोकांनी आयरिश येतं म्हणून सांगितलं आणि त्यात ३ लाख १९ हजार असे होते की ज्यांना दुसरी भाषाच येत नव्हती. मायल्स अशाच लोकांतला. तीन लाख माणसं म्हणजे आपल्याकडचा एखादा अख्खा तालुका, आणि कोर्टाच्या दारात गेलं की मुकी.

आणि दुसरी एक गोष्ट, जी मला आतून लागली. त्या काळच्या कोर्टांत एक ठाम समज होता की आयरिश बोलणाऱ्याला इंग्रजी येतंच, तो नाटक करतोय, दुभाष्याचं भाषांतर चालू असताना उत्तराचा विचार करायला वेळ मिळावा म्हणून. मला येत नाही म्हणणं हाच कांगावा. आपल्या सोलापूर शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं एका गल्लीत ऐकू येतं, पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायका आपसात तेलुगूत बोलतात आणि भाजीवाल्याशी मराठीत. त्यामुळंच ऑफिसातल्या माणसाला वाटतं की अहो एवढी वर्षं सोलापुरात राहताय, मराठी येत नाही होय? बाजारापुरती भाषा येणं वेगळं आणि स्टॅम्पपेपरवरची भाषा येणं वेगळं, हे त्याच्या ध्यानात येत नाही. "सदरील मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा", हे मला तरी पहिल्या वर्षी कुठं कळत होतं.

आता जे सांगायचं होतं ते सांगतो. माझी अज्जी, म्हणजे आईची आई, अक्कलकोट तालुक्यातली, कर्नाटकच्या अंगाला असलेल्या गावातली. घरात सगळं कन्नड. मराठी तिला कळायचं थोडं, बोलता यायचं नाही. मी चौथीत असेन. तिचे वडील वारल्यावर शेतीच्या कागदाचं काम निघालं आणि अज्जीला एका ऑफिसात घेऊन गेले, मी सुट्टीला गेलेलो म्हणून बरोबर. तिला सांगितलेलं की वडलांच्या जागी पोरांची नावं लावायचीयेत, तुमचं पण नाव लागंल. टेबलामागच्या माणसानं दोन पानं मराठीत भराभर वाचली, मारुतीस्तोत्र म्हणावं तशी. मग माझ्याकडं बघून म्हणाला, ए बाळ, तुला मराठी येतं ना, विचार आज्जीला, समजलं का म्हणून.

मी विचारलं, "अज्जी, तिळीतेन?"

ती म्हणाली, "हौद्री." मला नाही, त्या माणसाला. लुगड्याचा पदर नीट करत, खाली बघत.

मी म्हणलं, हो म्हणतेय. तिचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर दाबला, मग तिनं तो लुगड्याच्या आतल्या बाजूला पुसला. ते निळं बोट मला आज लिहितानासुद्धा दिसतंय. येताना मला बसस्टँडवर तिनं शेंगाचटणी-भाकरी सोडून दिली आणि कौतुकानं म्हणाली, माझा नातू कचेरीत बोलला.

तो कागद हक्कसोडपत्र होता. म्हणजे माझा यातला हिस्सा मी राजीखुशीनं सोडते. हे आम्हाला कळलं सहा-सात वर्षांनी, उताऱ्यावर तिचं नाव नाही म्हणून चौकशी केली तेव्हा. कागदाच्या शेवटी तीच ओळ होती, मजकूर वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे. आणि ते खोटं पण म्हणता येत नाही, वाचून दाखवलाच होता. विचारलं होतं, ती हो म्हणाली होती. दुभाषा होता. दुभाषा मी होतो, नऊ-दहा वर्षांचा, आणि हक्कसोड या शब्दाचा अर्थ मलाच माहीत नव्हता. अज्जी मला कधी काही बोलली नाही. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

जमीन आणि जीव यात फरक आहे, मला माहिती आहे. अज्जीची दीड एकर गेली, मायल्सचा गळा गेला. पण "हौद्री" हा शब्द मला तेव्हापासून माहीत आहे. समोर टेबल असलं, टेबलामागं माणूस असला आणि त्याची भाषा आपली नसली की माणूस हो म्हणतो, कारण नाही म्हणलं तर पुढं काय बोलायचं हे कुठल्या भाषेत बोलणार.

तर मायल्स. फाशीच्या आधी त्या दुसऱ्या दोघांनी, पॅट्रिक जॉइस आणि पॅट्रिक केसीनं, जेलमध्ये सांगितलं की आम्ही गुन्हेगार, पण मायल्स निर्दोष आहे. हे जबाब डब्लिनला लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे आयर्लंडवरचा इंग्रज सरकारचा सगळ्यात मोठा माणूस, त्या स्पेन्सरकडं गेले. मायल्सच्या बायकोच्या नावानं पेपरात पत्र छापून आलं, की या निरपराध माणसाच्या केसकडं नीट बघा, मागं विधवा आणि पाच पोरं उरतील. पत्र इंग्रजीत. वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिलं आलं ते हे की ते तिला लिहून कुणी दिलं असेल, कुठल्या टेबलावर बसून. स्पेन्सरनं कळवलं की कायदा आपल्या मार्गानं जाईल.

१५ डिसेंबर १८८२, गॉलवे जेल. तिघांना एकत्र फाशी. मारवूड नावाचा फाशी देणारा इंग्लंडवरून आणलेला. मायल्स शेवटपर्यंत बोलत होता, चौथऱ्यावर चढतानासुद्धा, आयरिशमध्ये, की मी काही केलेलं नाही. फाशी बघायला आलेल्या बातमीदारांपैकी बहुतेकांना ते कळलं नाही. बोलताना त्यानं मान वळवली आणि दोर त्याच्या हाताला अडकला, त्यामुळं त्याची मान मोडली नाही, कितीतरी मिनिटं गुदमरून तो मेला. मारवूड पायानं दोर सोडवत होता. एवढंच लिहितो, याच्या पुढचं मला लिहववत नाही.

नंतर हळूहळू सगळं उघडं पडलं. १८८४ च्या ऑगस्टमध्ये टॉमस केसी, म्हणजे माफीच्या साक्षीदारांपैकी एक, टूरमॅकेडीच्या चर्चमध्ये आर्चबिशपसमोर भरसभेत उभा राहिला आणि म्हणाला की मी खोटी साक्ष दिली, मायल्स त्यात नव्हता. टिमथी हॅरिंग्टन या खासदारानं कागद शोधून काढले. जखमी पोरांनी पहिल्यांदाच सांगितलेलं की मारेकऱ्यांनी तोंडाला काळं फासलं होतं, मग अंधारात त्या तिघांनी दहाही जणांचे चेहरे ओळखले कसे? ती गोष्ट आरोपींच्या वकिलापर्यंत पोचूच दिली नव्हती. जगलेल्या पॅट्सीची साक्ष घेतलीच नाही. आणि त्या तीन साक्षीदारांना सरकारनं मिळून १,२५० पौंड दिले होते. लंडनच्या पार्लमेंटात चौकशीची मागणी झाली, ती फेटाळली. ज्यांनी गुन्हा कबूल केला होता त्या पाचांपैकी दोघे तुरुंगातच मेले, उरलेले तिघे १९०२ मध्ये सुटले, वीस वर्षांनी.

जेम्स जॉइस हा मोठा लेखक, आडनाव तेच, जन्मही १८८२ चाच. त्यानं १९०७ मध्ये इटालियन पेपरात यावर लेख लिहिला. त्यात असं चित्र आहे की न्यायाधीश विचारतात, म्हातारा हातवारे करत लांबलचक काहीतरी सांगतो, देवाची शपथ घेतो, आणि दुभाषा एवढंच म्हणतो, नाही म्हणतोय साहेब. लेखात मायल्स सत्तर वर्षांचा आहे, बाकीही बरंच कल्पनेतलं. लेख मला आवडला, पण खरं जे घडलं ते मला त्याहून भयंकर वाटतं. लेखातल्या म्हाताऱ्याला प्रश्न तरी कळलेले असतात, आणि नाही म्हणायला तरी मिळतं.

एक गंमत नाही, एक जखम म्हणून सांगतो. त्याच १८८२ साली त्याच इंग्रज सरकारनं हिंदुस्थानासाठी फौजदारी कामाची जी संहिता केली, त्यात लिहिलेलं आहे की साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत झाली, तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत भर कोर्टात सांगितली पाहिजे. नंतर स्वतंत्र भारताच्या १९७३ च्या संहितेत तेच कलम २७९ म्हणून आलं. म्हणजे असं करायला पाहिजे हे त्यांना ठाऊक होतं. आणि कलम असूनही काय होतं तेही मी आवारात बसून बघतो, तेलुगू बाई आत जाते, कुणीतरी शिपाई नाहीतर शेजारच्या केसमधला पक्षकार दुभाषा होतो, दोन वाक्यांचं अर्धं वाक्य करून सांगतो, आणि कागदावर छान मराठी उतरतं.

आपल्याकडं चार हुतात्मा चौकातून जाताना मी हात जोडतो, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात इंग्रजांनी फाशी दिलेले चौघे. चार नावांतच चार घरच्या भाषा दिसतात. आता तिथून जाताना मायल्सचंही नाव मनात येतं, त्याला काय करणार.

४ एप्रिल २०१८ ला आयर्लंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी मायल्सला अधिकृत माफी दिली, १३५ वर्षांनी. माफी हा शब्द मला पटत नाही, ज्यानं काही केलंच नाही त्याला कसली माफी, पण कायद्यात तोच शब्द आहे. जेल पाडलं, तिथं कॅथेड्रल झालं, आणि भाचीनं पाठवलेल्या त्या पार्किंगच्या खाली कुठंतरी तो आहे.

मी त्या ओळीचा शॉर्टकट काढून टाकलाय. आता हातानं टाइप करतो. आणि समोरचा कन्नड असेल तर समजलं का विचारत नाही, म्हणतो, आता तुम्ही मला सांगा यात काय लिहिलंय. वेळ जातो, मागची लाइन कुरकुरते, वकीलसाहेबांचा फोन येतो, झालं का हो. परवा एक म्हातारी आली होती, दक्षिण सोलापूरकडची, मुलगा बरोबर. मी विचारलं तर "हौद्री, हौद्री". मी खुर्ची तिच्याकडं वळवून बसलो आणि सगळं कन्नडमध्ये सांगितलं, मग तिला सांगायला लावलं. तिनं सांगितलं, आणि चतुःसीमा चुकलेली निघाली, पूर्वेला ओढा लिहिलेला, म्हणाली ओढा पश्चिमेला आहे, पूर्वेला दिराची जमीन. मुलगा म्हणाला, असू दे की, काय फरक पडतोय. मी पान परत काढलं.

नव्या पानावर अंगठा द्यायच्या आधी तिनं शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि विचारलं, "इद नन्न हेसरेन?" हे माझं नाव का. मी एकेक अक्षरावर बोट ठेवून तिला वाचून दाखवलं.